जूरा बेटावरची राख

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ जूरा नावाचे बेट आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी आपली शेवटची कादंबरी इथल्याच एका एकाकी घरात राहून पूर्ण केली. याच बेटावरच्या आर्डफिन इस्टेटीतल्या एका रिकाम्या बोटघरात, 23 ऑगस्ट 1994 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन माणसे शेकोटीत पन्नास-पन्नास पौंडांच्या नोटा टाकत होती. बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी ही त्यांची नावे. तीन वर्षांपूर्वी, 1991 मध्ये, ब्रिटनमध्ये सर्वाधिक सिंगल रेकॉर्ड विकल्या गेल्या त्या याच दोघांच्या ‘द केएलएफ’ या बँडच्या. त्या रात्री जाळलेली रक्कम दहा लाख पौंड होती.

ही हकिगत आता दंतकथेसारखी सांगितली जाते आणि दंतकथा झाली की तिच्यावर शंकाही घेतल्या जातात. नोटा खऱ्या होत्या का? सगळ्या जळल्या का? मुळात हे घडले का? इतिहासकार राजवाड्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावलेली शिस्त इथे उपयोगी पडते. आधी समकालीन अस्सल कागद पाहावा, बखर मागाहून. ड्रमंड पुढे लेखक झाले आणि त्यांनी स्वतःबद्दल पुष्कळ लिहिले. त्या लिखाणाची मला मनापासून कदर आहे, पण पुराव्याच्या दृष्टीने ती बखर आहे. म्हणून ती तूर्त बाजूला ठेवतो.

पहिला समकालीन कागद म्हणजे पत्रकार जिम रीड यांचा ‘द ऑब्झर्व्हर’मधला लेख. तो 25 सप्टेंबर 1994 रोजी, म्हणजे घटनेनंतर जेमतेम महिन्याभराने छापून आला. रीड त्या रात्री बोटघरात हजर होते. त्या दोघांव्यतिरिक्त तिथे गिम्पो या नावाने ओळखला जाणारा त्यांचा सहकारी होता आणि त्याच्या हातात व्हिडिओ कॅमेरा होता. आरंभी अपराधी वाटले आणि मग कंटाळा आला, असे रीड यांनी लिहिले आहे. मला हा तपशील मोलाचा वाटतो. रचून सांगणारा साक्षीदार थरार सांगतो, कंटाळा सांगत नाही.

हिशेबही या कंटाळ्याला दुजोरा देतो. पन्नास पौंडांची एक नोट धरली तर दहा लाखांच्या 20,000 नोटा होतात. त्या संपायला तासाभराहून अधिक वेळ लागला. म्हणजे सरासरी सेकंदाला पाचएक नोटा. एकेक नोट चुरगाळून टाकत बसण्याचे हे काम राहत नाही, मुठीमुठीने नोटा आगीत ढकलाव्या लागतात. पैशाची होळी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे दृश्य उभे राहते त्यापेक्षा हे बरेचसे कष्टाचे काम होते.

दुसरा पुरावा गिम्पोचे चित्रीकरण. ते बरोबर एक वर्षाने, 23 ऑगस्ट 1995 रोजी, प्रथम जूरावरच बेटकऱ्यांना दाखवले गेले. तिसरा पुरावा समुद्राने आणून दिला. काही नोटा बेटाच्या किनाऱ्याला लागल्या आणि पोलिसांकडे जमा झाल्या. मला या तिन्हींत हाच सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यामागे कुणाचाच हेतू नव्हता.

चौथ्या प्रकारचा कागद असायला हवा होता, तो नाही. खटला झालाच नाही, म्हणून पंचनामा नाही, जबान्या नाहीत, निकालपत्र नाही. त्याचे कारण कायद्यात आहे. ब्रिटनचा 1928 चा चलन व नोटांविषयीचा कायदा नोटेवर काही छापायला किंवा शिक्का मारायला मनाई करतो. स्वतःच्या मालकीची नोट नष्ट करणे हा त्यात गुन्हा नाही. नोटेवर दोन शब्द छापले असते तर कदाचित सरकारी दप्तरात फाइल उघडली असती. नोटेची राख झाली म्हणून ती उघडली नाही.

रकमेचा प्रश्न यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्यासाठी नऊ महिने मागे जावे लागते. 23 नोव्हेंबर 1993 रोजी या दोघांनी, आता ‘के फाउंडेशन’ या नावाने, लंडनबाहेरच्या एका शेतात दहा लाख पौंडांच्या नोटा चौकटीवर खिळ्यांनी ठोकून पाहुण्यांना दाखवल्या. त्याच संध्याकाळी कलेसाठीचे टर्नर पारितोषिक जाहीर होणार होते. ते 20,000 पौंडांचे होते. के फाउंडेशनने वर्षातल्या सर्वांत वाईट कलावंतासाठी दुप्पट, म्हणजे 40,000 पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. दोन्ही रेचेल व्हाइटरीड यांनाच मिळाली. दुसरे घेतले नाही तर ते जाळले जाईल असा निरोप आल्यावर त्यांनी ते स्वीकारले आणि गरजू कलावंतांना व बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. या 40,000 च्या नोटा चौकटीवर ठोकण्यासाठी पाहुण्यांच्या हातात दिल्या होत्या, तेव्हा त्यातल्या काही मधल्यामधे गायब झाल्या. प्रतिष्ठित पाहुण्यांनाही मोह आवरला नाही, याचा अर्थ नोटा खऱ्या होत्या.

त्या प्रदर्शनाच्या यादीत दहा लाखांच्या चौकटीची मागणी किंमत पाच लाख पौंड लिहिली होती, कच्च्या मालाच्या निम्मी. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत विचारपूर्वक लिहिलेली ओळ हीच. पैसा कलाकृती झाला की त्याची किंमत अर्धी होते, हे इतक्या थोडक्यात आणि आकड्यातच सांगणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. ती चौकट कुठल्या संग्रहालयाच्या भिंतीवर गेली नाही. पैसे जूराला गेले.

जाळून टाकण्याची सवय त्यांना आधीपासूनची होती, आणि हेही कागदावर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बटरवर्थ गावी 1953 मध्ये जन्मलेले, स्कॉटिश धर्मोपदेशकाचे चिरंजीव ड्रमंड लिव्हरपूलमध्ये नाटकाचे नेपथ्य करत करत संगीतात आले. ‘बिग इन जपान’ बँड, ‘झू’ ही रेकॉर्ड कंपनी, ‘एको अँड द बनीमेन’चे व्यवस्थापन असा त्यांचा प्रवास. 1987 मध्ये कॉटींबरोबर काढलेल्या पहिल्या अल्बममध्ये आब्बाच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला होता. हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने प्रती नष्ट करायला सांगितल्या. दोघे आब्बाला भेटायला स्वीडनला गेले, भेट झाली नाही, तेव्हा काही प्रती तिथल्या शेतात जाळल्या आणि उरलेल्या परतीच्या वाटेवर समुद्रात टाकल्या. मागे राहिलेल्या पाच प्रती जाहिरात देऊन प्रत्येकी हजार पौंडांना विकायला काढल्या.

पुढच्याच वर्षी ‘द टाइमलॉर्ड्स’ या नावाने त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ते कसे नेले याची पायरीपायरीने माहिती देणारी ‘द मॅन्युअल’ ही पुस्तिका त्यांनी लगेच छापली. ड्रमंड यांच्या लेखनाचा खरा आरंभ मी इथून धरतो. यश हातात असतानाच त्याची कृती लिहून ठेवायची, ही त्यांची रीत नंतर सुटली नाही.

14 मे 1992 रोजी केएलएफने निवृत्ती जाहीर केली आणि स्वतःच्या सगळ्या रेकॉर्ड बाजारातून मागे घेतल्या. हे त्यांना जमले, कारण रेकॉर्ड कंपनी त्यांचीच होती. मोठ्या कंपनीशी करार असता तर त्यांच्या शब्दाला काही किंमत राहिली नसती. जूराचे पैसेही याच स्वतंत्र मालकीतून आले. लोक हे दोन निर्णय वेगवेगळे सांगतात, जमाखर्च मात्र एकच आहे.

आता बखर. जाळण्याचे कारण काय, या प्रश्नावर ड्रमंड वेळोवेळी वेगवेगळे बोलले. 5 नोव्हेंबर 1995 रोजी स्कॉटलंडच्या वायव्य टोकावरच्या केप रॅथ इथे दोघांनी 23 वर्षे याविषयी न बोलण्याचा करार एका मोटारीवर लिहिला आणि मोटार कड्यावरून खाली ढकलली. करार पाळायचा तर मौन नोव्हेंबर 2018 पर्यंत टिकायला हवे होते. ड्रमंड 2004 मध्येच बीबीसीशी बोलले आणि आपल्या मुलांना हे समजावणे अवघड जाते असे त्यांनी सांगितले. दोघे लिव्हरपूलमध्ये लोकांपुढे आले ते 23 ऑगस्ट 2017 रोजी. त्यांनी 23 वर्षे मोजली ती कराराच्या दिवसापासून नव्हे, आगीच्या दिवसापासून. त्या संध्याकाळीही पैसे का जाळले यावर इतरांनी तर्क मांडले.

ड्रमंड यांची पुस्तके वाचावीत ती दुसऱ्या कारणासाठी. ‘45’ (2000) या पुस्तकाचे नाव रेकॉर्डच्या फिरण्याच्या वेगावरून आणि लेखकाच्या वयावरूनही आलेले आहे. ‘हाउ टू बी अॅन आर्टिस्ट’मध्ये त्यांनी कलावंत रिचर्ड लाँग यांच्या आइसलँडमधल्या एका छायाचित्राची हकिगत लिहिली. जूरानंतरच्याच वर्षी, 1995 मध्ये, त्यांनी ते 20,000 डॉलरला विकत घेतले. नंतर त्याचे 20,000 तुकडे करून प्रत्येक तुकडा एका डॉलरला विकायला काढला. आलेले पैसे त्या छायाचित्रातल्या जागीच पुरायचे, असा बेत होता. जूरावर नोटाही 20,000 च होत्या. हे साम्य त्यांनी मुद्दाम साधले असे मी म्हणत नाही, तसा कागद माझ्यासमोर नाही. पण एकाच माणसाच्या हातून एकदा पैशाची राख झाली आणि दुसऱ्यांदा चित्राचे सुटे पैसे होऊ लागले, एवढे दोन्ही कागदांवरून दिसते. दुसऱ्या वेळी त्यांनी काही जाळले नाही.

पुढे त्यांनी 21 नोव्हेंबर हा संगीताविना पाळायचा दिवस ठरवला, कारण 22 नोव्हेंबर हा संगीताची संत मानल्या जाणाऱ्या सिसिलियाचा दिवस. नंतरच्या जगभ्रमणात ते कोलकात्यातही आले. ‘बेस्ट बिफोर डेथ’ या 2019 च्या माहितीपटात ते तिथे दिसतात.

माझा निष्कर्ष असा: पैसे जळाले हे समकालीन साधनांवरून मान्य करावे लागते. का जळाले, याला त्या वेळचा एकही भरवशाचा कागद नाही, आणि नंतरच्या कारणांवर इतिहास उभारू नये. ज्यांना हा विषय वाचायचा आहे त्यांनी आधी रीड यांचा लेख मिळवून वाचावा, मग ड्रमंड.