लाइट गेली त्या रात्रीची शंभर पिल्ले



परवा नातू मोपाच्या विमानतळावर उतरून थेट पेडण्याच्या घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, आपण कोंबडीची पिल्लं पाळूया? खोक्यात बल्ब लावला की झालं." मी गप्पच बसलो. 'बल्ब लावला की झालं' हे वाक्य मीच एकदा म्हटलं होतं, तेही सही-शिक्क्यासकट. त्याची ही हकिकत.

आमचं लहानपण १९६१ पूर्वीचं, पोर्तुगीज अमदानीतलं. आमच्या वाड्यावर वीज नव्हती. कोंबडी खुडूक झाली की आई डालग्यात भाताचं गवत अंथरून दहा-बारा अंडी ठेवायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. पुढचे तीन-चार आठवडे ऊब द्यायचं काम कोंबडीचंच. पावसाची सर आली किंवा आभाळात घार दिसली की ती पंख पसरून बसायची आणि सगळी पिल्लं पोटाखाली गडप! अंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायची आणि तो पैसा आईचा असायचा. त्याचा हिशोब वडीलही विचारत नसत.

गोवा मुक्त झाला. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आमच्यासारख्या कॉमर्सच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या. १९७१ साली पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांची नावं कानावर येऊ लागली. गावठी कोंबडीच्या कितीतरी पट अंडी! पण त्यात एक गोम होती. खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते, म्हणून या जातीतून खुडूक बसण्याची सवयच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घालवलेली. म्हणजे अंडी भरपूर, पण त्यांवर बसणारी आई नाही. अंडी यंत्रात उबवायची आणि पिल्लांना आईऐवजी दिव्याची ऊब द्यायची.

पिल्लू जन्मताना अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढू शकतं. म्हणूनच अमेरिकेत १९१८ पासून पिल्लं टपालाने जाऊ लागली. आमच्याकडे ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, घाट उतरून, बसने यायची. अख्खी बस चिवचिवायची.

२ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर सर्व गटांत लागू झाला. अल्पभूधारकाला खर्चाच्या २५ टक्के, अत्यल्पभूधारक आणि शेतमजुराला ३३ टक्क्यांच्या आसपास अनुदान, बाकी बँकेचं कर्ज. मी तेव्हा डिचोली तालुक्यातल्या एका शाखेत होतो. कुक्कुटपालनाचे प्रस्ताव मी फटाफट तयार करायचो. शेड, शंभर पिल्लं, खाद्य, लस, दोन बल्ब. बेरीज जुळली की सही.

एक प्रस्ताव एका विधवा बाईचा होता. पदरात दोन मुलं. तिला मीच समजावलं होतं, "बल्ब लावला की झालं." जुलैत पिल्लं आली. आठवडाही झाला नसेल, एका रात्री धो धो पाऊस आणि लाइट गेली. पिल्लाच्या अंगावर तेव्हा नुसती लव असते. खरी पिसं यायला तीनेक आठवडे लागतात आणि तोवर त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढली. खालची गुदमरून मेली. सकाळी मोजली तेव्हा शंभरातली एकोणचाळीस उरली होती. ती बाई माझ्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, कोंबडी असती तर वाचली असती."

त्याच पावसाळ्यात मी पेडण्याला घरी आलो, तेव्हा शेजारच्या वाड्यावर अशाच योजनेतली पिल्लं सुखरूप दिसली. लाइट तर तिथेही जायची. म्हातारी सासू करवंटीचे निखारे मडक्यात घालून वर राख पसरायची, मडक्याला भोकं पाडलेलं झाकण घालायची आणि ते विटांवर ठेवायची, पिल्लं भाजणार नाहीत अशा बेताने. खोलीची वरची फट मात्र कायम उघडी. "कोंडून ठेवलं तर धुराने मरतील," म्हणाली. पिल्लांभोवती दीड हात उंचीचा चटईचा गोल कठडा होता. गोलाला कोपराच नाही, मग पिल्लं चेंगरणार कुठे?

मी पुस्तकातले आकडे सांगितले. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला ५ अंश कमी. ती हसली. "पिल्लांकडे बघ ना. दिव्याखाली गर्दी केली तर थंडी, लांब पळून चोची उघडल्या तर उकाडा, एकाच बाजूला गेली तर वारा लागतोय. सगळीकडे पसरून दाणे टिपतायत, तर तू खुशाल झोप."

पुढच्या प्रस्तावांत मी एक ओळ वाढवली: मडके, कोळसा, कंदील, रुपये चाळीस. वरच्या ऑफिसातून शेरा आला, "मडके ही कोणत्या प्रकारची मालमत्ता?" मी ती ओळ काढली नाही.

त्या बाईने काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायच्या मजुरीवर कर्ज फेडलं, एकही हप्ता न चुकवता. आमच्या वहीत तिचं खातं 'यशस्वी' म्हणून बंद झालं. वसुली शंभर टक्के. शेडमध्ये एक कोंबडी नाही. त्या योजनांचा इतिहास कोणी वह्यांवरून लिहील, तर त्यात तिची रात्र सापडणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. चूक माझी होती.

नातवाला दहाच पिल्लं आणून दिली. खाली भाताचं तूस, बल्ब साखळीने घट्ट बांधलेला, म्हणजे तुसावर पडून आग लागायला नको. बाजूला निखाऱ्यांचं मडकं तयार. पहिल्या रात्री तो मोबाइलवर तापमान बघत होता. मी म्हटलं, "तो ठेव बाजूला. पिल्लांकडे बघ."

तुमच्या घरी लाइट गेल्यावर पिल्लं कशी जगवायचे? कोणाची आजी, कोणाची आई काय करायची? खाली जरूर लिहा. ही माणसं कुठल्याच वहीत नाहीत.