पक्ष्याचे अंतर आणि पांथस्थाचे अंतर

दोन गावांमधील अंतर मैलांत सांगावयाचे की तासांत, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने वेळोवेळी निरनिराळे दिले आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ही दोन तालुक्यांची गावे घेऊ. पहिले घोडनदीच्या काठी, दुसरे भीमेच्या. पक्ष्याच्या वाटेने दोहोंत सुमारे ४५ किलोमीटर अंतर आहे. परंतु त्यांच्या दैवांत जे अंतर पडले, ते याहून पुष्कळ मोठे आहे.

शिरूरचे महत्त्व सडकेच्या काळचे. पुणे-नगर मार्गावरील या गावी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी येथून निघाली. तीत महार शिपायांचा भरणा मोठा होता. सुमारे २५ मैल चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती कोरेगावास पोहोचली, आणि रात्रभर चाललेल्या त्या माणसांस विसावा न घेताच लढाईस उभे राहावे लागले. अंतर हे तेव्हा पायांनी, तहानेने व जागरणाने मोजले जात असे. आज मोटार तीच वाट तासाभरात आटोपते.

पुढे आगगाडी आली, ती दौंडास. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग दौंडवरून गेला. १८७१ साली रायचूर येथे मुंबईकडील व मद्रासकडील रूळ एकमेकांस मिळाले. १८७८ साली मनमाडचा मार्गही दौंडास येऊन मिळाला. त्याच्या भरावात दुष्काळाच्या सालांत पोटासाठी माती वाहणाऱ्यांचे श्रम आहेत. या मार्गामुळे उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांस थळघाट उतरून पुन्हा बोरघाट चढण्याचे कारण उरले नाही. दौंड जंक्शन झाले; शिरूर रुळांवाचून राहिले.

पक्ष्याची वाट माणसास खुली झाली ती याहून पुढे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीचे टपाल विमानाने मुंबईस आणिले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीवरून मद्रासेस नेले. आज मुंबईहून चेन्नईस आकाशमार्गाने सुमारे १,०३० किलोमीटर पडतात आणि विमान दोन तासांच्या आत उतरते. दौंडवरून जाणारा लोहमार्ग सुमारे १,२८० किलोमीटरांचा, आणि गाडीस जवळजवळ एक अहोरात्र लागते.

वाचलेल्या वेळाचा आनंद आम्हांसही आहे. परंतु प्रवासाचा वेळ घटल्याचे कौतुक बहुधा दोन टोकांची शहरेच करितात. मधल्या गावांचा हिशेब वेगळा असतो. सडकेने शिरूरास मोठे केले. आगगाडीने ते मोठेपण दौंडास दिले. विमानाने दोहोंपैकी कोठेच थांबा ठेविला नाही. प्रवासाचा इतिहास लिहिणाराने एकदा या गावांत उभे राहून तो लिहावा, असे आम्हांस वाटते. कारण शिरूरच्या माणसास दौंडची गाडी गाठावयाची तर आजही सडकेने, भीमा ओलांडूनच जावे लागते.