बॉम्ब शोधता शोधता सापडलेली वीज

लहानपणी आमच्या घरी वळीव येणार हे सगळ्यांत आधी रेडिओला कळायचं. आकाशवाणीच्या बातम्या रंगात आलेल्या असायच्या आणि मध्येच कर्रर्र... पुन्हा कर्रर्र... गडगडाट ऐकू यायच्या कितीतरी आधी. मग आजी ओरडायची, "बंद करा रे ते डबडं, वीज पडेल!" आम्ही मुकाट्याने बटण फिरवायचो.

हे सगळं आठवलं ते न्यू मेक्सिकोत. ऑगस्टच्या एका दुपारी गाडीने लॉस अलामॉसला चाललो होतो. या दिवसांत इथे रोज दुपारी डोंगरांवर ढग जमतात आणि धो धो कोसळतात. इथले लोक त्याला चक्क 'मान्सून' म्हणतात! गाडीतल्या रेडिओवर तीच जुनी खरखर सुरू झाली आणि मला हसू आलं. कारण ज्या गावी मी निघालो होतो, तिथल्या माणसांनी हीच खरखर अवकाशातून ऐकायला उपग्रह बनवले होते. आणि तेही विजेसाठी नव्हे, बॉम्बसाठी.

त्याचं असं झालं. ९ जुलै १९६२ला अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर एक अणुबॉम्ब फोडला. त्यातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लाटेने सुमारे १४०० किलोमीटर दूर होनोलुलूतले रस्त्यावरचे दिवे गेले. पुढच्याच वर्षी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार झाला. पण समोरचा तो पाळतो की नाही हे कोणी बघायचं? १० ऑक्टोबर १९६३ला करार अमलात आला आणि त्याच महिन्यात अमेरिकेचे पहिले 'व्हेला' उपग्रह वर गेले. त्यावरची उपकरणं लॉस अलामॉस आणि सॅन्डिया या दोन प्रयोगशाळांची.

वातावरणातल्या अणुस्फोटाचा प्रकाश एकदा लखकन चमकतो, मंदावतो आणि पुन्हा चमकतो. हा दुहेरी झोत टिपणाऱ्या यंत्राचं नाव काय असावं? भांगमीटर! हो, आपली होळीची भांग. पुढे नोबेल मिळवणाऱ्या फ्रेड राइन्स यांनी ते ठेवलं असं सांगतात. असलं यंत्र चालेल यावर विश्वास ठेवायला भांगच प्यायला हवी, हा त्यातला विनोद. पण ते चाललं. नंतरच्या व्हेला उपग्रहांनी विजाही टिपल्या, आणि १९७७मध्ये नेहमीच्या विजेपेक्षा शंभरपट प्रखर 'सुपरबोल्ट'ची नोंद प्रसिद्ध झाली ती याच उपग्रहांमुळे.

इथपर्यंत गंमत होती. २२ सप्टेंबर १९७९ला मात्र एका म्हाताऱ्या व्हेलाने दक्षिणेकडच्या समुद्रावर दुहेरी झोत पाहिला. कोणी चोरून बॉम्ब फोडला की काय? त्या उपग्रहावरचं विद्युतचुंबकीय लाट टिपणारं यंत्र आधीच निकामी झालं होतं, त्यामुळे दुसरी साक्ष नव्हती. अध्यक्ष कार्टर यांच्या काळात नेमलेल्या समितीने तो बहुधा अणुस्फोट नसावा असं म्हटलं. अनेक तज्ज्ञांना ते पटलं नाही. आजही वाद आहेच. एका देशावर एवढा मोठा आरोप करायचा, तर एका डोळ्याचा भरवसा पुरत नाही. कानही लागतो.

पण रेडिओच्या कानाची अडचण वेगळी. अणुस्फोटही रेडिओलहरींचा धक्का देतो आणि वीजही देते. वीज तर पृथ्वीवर कुठे ना कुठे दर सेकंदाला चाळीसेक वेळा चमकते. या गोंगाटातून बॉम्ब ओळखायचा, तर आधी वीज पाठ करायला हवी.

एप्रिल १९९३मध्ये 'अलेक्सिस' नावाचा छोटा उपग्रह सोडला आणि उड्डाणातच त्याची एक सौर पाटी निखळली. उपग्रह मुका! लॉस अलामॉसची मंडळी मात्र आठवडेच्या आठवडे कान देऊन बसली. अखेर तो बोलला. दिशा सांगणारा चुंबकमापक नेमका त्याच मोडक्या पाटीवर होता, तर त्याच्याशिवाय उपग्रह सांभाळायची युक्ती त्यांनी जमिनीवरून शोधून काढली. (अभियंत्याला यापेक्षा गोड गोष्ट कुठली?)

या अलेक्सिसवर 'ब्लॅकबिअर्ड' नावाचा रेडिओ होता. आपल्या मीडियम वेव्हच्या लहरी आयनांबर हा विद्युतभारित थर सहसा ओलांडू शकत नाहीत. व्हीएचएफ लहरी ओलांडतात, पण वाटेत त्यांची ओढाताण होते. उंच कंप्रता आधी पोचतात, खालच्या मागून रेंगाळत येतात. ब्लॅकबिअर्डला असे विलक्षण जोरदार ठोके ऐकू आले, आणि तेही जोडीने! प्रत्येक ठोका काही मायक्रोसेकंदांचा, दोघांत अंतर काही दहा मायक्रोसेकंदांचं. १९९५मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा कोडंच होतं.

उत्तर मात्र शाळकरी गणिताचं निघालं. ढगात १० किलोमीटर उंचीवर ठोका झाला आणि उपग्रह डोक्यावर असला, तर एक लहर थेट वर जाते. दुसरी खाली जमिनीवर आपटून परत येते, म्हणजे २० किलोमीटरचा जास्तीचा फेरा. प्रकाशाच्या वेगाने सुमारे ६७ मायक्रोसेकंद. दुसरा ठोका म्हणजे पहिल्याचाच पडसाद! म्हणजे दोन ठोक्यांतल्या अंतरावरून वीज किती उंचीवर झाली तेही कळायला लागलं.

२९ ऑगस्ट १९९७ला याच कामासाठी 'फोर्टे' उपग्रह सुमारे ८०० किलोमीटरवर गेला. टीव्ही आणि एफएमच्या कलकलाटाने फसू नये म्हणून त्याला आठ अरुंद पट्ट्या एकदम ऐकायला शिकवलं होतं. त्यांतल्या पुरेशा पट्ट्यांत एकाच वेळी आवाज चढला तरच नोंद. त्यावर प्रकाश टिपणारी यंत्रंही होती. त्यातून कळलं की ढगाच्या पोटातले ते जबरदस्त ठोके रेडिओत सर्वांत प्रखर, पण प्रकाशात जवळजवळ दिसतच नाहीत. नुसते डोळे लावून बसलो असतो तर ही वीज आपल्याला कळलीच नसती.

मला यात एक गोष्ट फार आवडते. या माणसांना वीज गाळून टाकायची होती. पण नीट गाळायचं तर आधी नीट ओळखावं लागतं, आणि ओळखता ओळखता निसर्गाचं एक गुपित हाती लागलं. संशयापोटी बांधलेल्या यंत्राने शेवटी ज्ञानात भर घातली.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात, बरीचशी शेतात काम करताना. पुण्याच्या आयआयटीएमचं जाळं जमिनीवरून हीच रेडिओची खरखर ऐकून वीज कुठे पडते ते शोधतं, आणि त्यांचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर इशारा देतं. गावाकडे शेतीवर कोणी असेल तर त्यांच्या फोनवर ते जरूर टाकून द्या. आणि इशारा आला की झाडाखाली थांबू नका म्हणावं, पक्क्या घरात जा.