प्रौढांचे इंग्रजी वाचन व लेखन : रमाबाई रानडे यांचे उदाहरण

प्रौढशिक्षणात इंग्रजीचे वाचन व लेखन ही कौशल्ये आपण सहसा एकत्रच मोजतो. रमाबाई रानडे यांचे उदाहरण या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

१८७३ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांस प्रथम मराठी शिकविली व त्या पायावर पुढे इंग्रजी. पुण्यास मिशनरी शिक्षिका घरी येऊ लागताच वडीलधाऱ्या स्त्रियांनी तो विटाळ मानला. म्हणजे अडचण केवळ लिपीची नव्हती, घरचीही होती.

पुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी भाषण त्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर वाचले. ‘हुजूरपागा’ म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा १८८४ साली निघाली. परंतु भाषणाचा मसुदा न्यायमूर्तींचा होता. स्वतःच्या आठवणी रमाबाईंनी लिहिल्या त्या मराठीत. ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला.

देवनागरीत अक्षरावरून उच्चार व उच्चारावरून अक्षर बहुधा हाती येते. इंग्रजीत शब्द ओळखता आला तरी त्याचे स्पेलिंग स्वतंत्रपणे स्मरावे लागते. वाक्यरचना तर त्याहून पुढची. वाचनावरून लेखनाची हमी मिळत नाही, ती यामुळेच.

एका उदाहरणावरून सिद्धान्त बांधणे योग्य नव्हे. तथापि १९०९ साली पुण्यास सेवासदन उभारताना प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणास रमाबाईंनी जे महत्त्व दिले, त्यामागे हा स्वानुभव असावा. प्रौढाने दुसऱ्याचा मजकूर वाचला, येथे आपले काम संपत नाही. स्वतःचा अर्ज त्याने स्वतः लिहावा, हीच खरी कसोटी होय.