मिस्सेची मोजणी

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी देवळातील गर्दी पाहून अंतःकरण भरून येते. परंतु एरवीच्या रविवारी बाके रिकामी का राहतात, हे विचारण्यासही हाच समय योग्य होय, असे आम्हांस वाटते. हा प्रश्न एकट्या जामखेडचा नव्हे. फ्रान्ससारख्या जुन्या कॅथोलिक देशास तो फार पूर्वीच पडला, आणि तेथील विद्वानांनी त्याचा छडा कसा लाविला तो इतिहास आमच्या वाचकांनी जाणण्याजोगा आहे.

गाब्रिएल ल ब्रा (१८९१–१९७०) हे पॅरिस येथील कायद्याचे प्राध्यापक. धर्म बुडाला म्हणून विलाप करीत न बसता गावोगाव मोजणी करा, असे आवाहन त्यांनी १९३१ साली केले. रविवारच्या मिस्सेस कोण येतो, ईस्टरच्या सुमारास पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद कोण घेतो. पुरुष किती, स्त्रिया किती, वय काय, धंदा काय! बाप्तिस्मा, विवाह व अंत्यविधी एवढ्यापुरतीच देवळाची पायरी चढणाऱ्यांचा त्यांनी निराळा वर्ग केला. परंतु चर्चशी संबंधच नसलेल्यांत त्यांस ढकलले नाही. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो.

मोजणीअंती शेजारशेजारच्या मुलखांतही जमीनअस्मानाचे अंतर दिसले. फेर्नां बुलार या धर्मगुरूंनी १९४७ साली ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशाच प्रसिद्ध केला. त्यात काही मुलूख नेमाने उपासना करणारे, काही केवळ रूढी राखणारे, तर काही चक्क मिशनचे क्षेत्र ठरले. याची कारणे अनेक. पूर्वी सर्व गाव मिस्सेस जाई, त्यात राजसत्तेचा व समाजाचा धाकही होता. तेव्हा जुन्या काळी सारेच भाविक होते असे धरून चालू नये, असे ल ब्रांचे म्हणणे. दुसरे कारण स्थलांतर. खेडूत पॅरिसच्या स्टेशनाबाहेर पडला की बहुधा त्याची उपासना सुटते, असे हे ब्रेतान्यसारख्या भाविक प्रांतात जन्मलेले गृहस्थ सांगत.

येथे आम्हांस आपला तालुका आठवतो. पावसाची वानवा, म्हणून दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबाचा नाताळ फडावरच्या कोपीत, उपवासकाळ कोपीत, क्वचित ईस्टरही तेथेच. अशा वेळी जामखेडास येऊन कोणी डोकी मोजील, तर तो श्रद्धेची नव्हे, गाळपाच्या हंगामाची मोजणी करील. पहिल्या महायुद्धात सरकारने या भागातील जर्मन जेझुइट धर्मगुरूंस स्थानबद्ध केले. जेथे मिस्सा म्हणावयास गुरूच उरला नाही, तेथे गैरहजेरी कोणाच्या नावे मांडावी?

ल ब्रांची रीत मात्र आम्हांस हवी आहे. धर्मग्रामाच्या कुटुंबवहीत एक रकाना वाढवावा : या हंगामात कुटुंब कोणत्या कारखान्यावर आहे, आणि तेथून जवळचे देऊळ कोणते. राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूस कारखाने आहेत, तशी देवळेही आहेत. तेथील धर्मगुरूंस नाताळापूर्वी ही यादी धाडता येईल.