नासिक बॉईज: राणीच्या बागेपासून मोंबासापर्यंत

आज सुरुवात भायखळ्याच्या राणीच्या बागेतून. पेंग्विन नंतर बघू. त्याआधी गेटपाशी जी जुनी इमारत लागते, भाऊ दाजी लाड म्युझियम, तिथे थांबूया. १८६२ मध्ये तिची पायाभरणी केली मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी. याच फ्रियरच्या नावाची एक वस्ती केनियात मोंबासाला लागून आहे, फ्रियर टाउन. ती वसवायला जे आफ्रिकन लोक गेले, त्यातले जवळपास दीडशे जण गेले होते आपल्या नाशिकहून.

आफ्रिकेतली माणसं नाशकात काय करत होती? तोच आजचा एपिसोड.

ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कागदावर बंद केला, तरी झांजीबारचा बाजार १८७३ पर्यंत उघडपणे चालू होता. आतल्या गावांवर धाडी पडायच्या, माणसं किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची आणि गलबतात कोंबून अरबस्तानाकडे, इराणच्या आखाताकडे पाठवायची. खजुराच्या बागांना आणि समुद्रातून मोती काढायला पुरुष आणि मुलगे लागत. ब्रिटिश नौदलाने असं एखादं गलबत पकडलं की सुटलेल्या लोकांना एडनला किंवा मुंबईला उतरवायचे. त्यातली बरीच लहान मुलं. त्यांना परत कुठे पाठवणार? काहींना तर आपलं गाव नेमकं कुठे आहे हेही सांगता यायचं नाही.

अशी अनेक मुलं-मुली मिशनऱ्यांकडे सोपवली गेली. नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असेलच. तिथे चर्च मिशनरी सोसायटीने वस्ती वसवली होती, तिथेच या मुलांचा आश्रम होता. मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकायचे, इंग्रजी शिकायचे. नावं नवी मिळायची. याओ जमातीतला चेंग्विंबे नावाचा मुलगा इथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. इंग्रज या मुलांना म्हणायचे 'नासिक बॉईज'.

मग यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन येतो. १८६४ मध्ये तो आपली छोटी आगबोट घेऊन झांजीबारहून थेट मुंबईला आला. सोबत चुमा नावाचा मुलगा होता. १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून त्याची सुटका झाली होती. त्याला इथे डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं (हो, गिरगाव चौपाटीच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच). पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन परत आला आणि नव्या मोहिमेसाठी नाशिकहून नऊ मुलगे निवडले. जानेवारी १८६६ मध्ये सगळे मुंबईहून निघाले. ज्या किनाऱ्यावरून विकले गेले होते, तिकडेच, आता सामान वाहायला.

त्या नऊ जणांत एक एब्राहम होता. न्यासा सरोवराकडे जाताना वाटेतल्या एका गावात त्याला त्याचा मामा भेटला. विचार करा, इतक्या वर्षांनी, इतक्या मोठ्या खंडात! मामाने सांगितलं, तुला पळवल्यावर तुझी आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. मामाने राहा म्हणून गळ घातली, लिव्हिंग्स्टननेही राहा म्हटलं. तो राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे कुणासाठी राहू, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट लिव्हिंग्स्टनच्या डायरीत आहे, जेमतेम काही ओळींत. मला विचाराल तर त्या अख्ख्या मोहिमेतली सगळ्यात मोठी घटना हीच.

१८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन वारला. त्याचा देह खारवून, वाळवून, गुंडाळून त्याच्या माणसांनी हजार मैलांच्या वर किनाऱ्यापर्यंत आणला. नऊ महिने लागले. त्यात चुमा होता, आणि नंतर येऊन मिळालेले काही नासिक बॉईज होते, मॅथ्यू वेलिंग्टनसुद्धा. जेकब वेनराइट हाही नाशिकचाच. प्रेतापुढे प्रार्थना वाचणारा तो, झाडावर लेख कोरणारा तो, या प्रवासाची डायरी लिहिणाराही तोच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकन होता. १८९२ मध्ये तो आफ्रिकेतच गेला.

आता इंग्रजी पुस्तकांनी या मुलांना काय नाव दिलं? 'विश्वासू नोकर'. झालं. पळवलेलं, विकलेलं पोर ही ओळख एका शब्दात पुसली गेली. माझा मुद्दा एवढाच आहे: मुलगा कामाला लागला की त्याच्या कामाचंच नाव त्याला चिकटतं आणि गुन्हा दिसेनासा होतो. डेटाबेसमध्ये कॉलमच नसेल तर क्वेरी कितीही भारी लिहा, रिझल्ट शून्य.

आपल्या कायद्यांत तो कॉलम बराच काळ नव्हता. म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि बिगार दोन्हींना बंदी आहे, तिथे बाई-पुरुष भेद नाही. पण १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्याच्या नावातच 'स्त्रिया व मुली' होतं, ते १९८६ च्या दुरुस्तीने बदललं. तो कायदा देहविक्रयापुरता आहे, मजुरीसाठी नेलेला मुलगा त्यात तसाही बसत नाही. आणि अल्पवयीन मुलीला फूस लावून नेण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं कलम ३६६अ १९२३ मध्ये आलं, ते फक्त मुलींसाठीच राहिलं. तिथे 'मूल' हा शब्द आला १ जुलै २०२४ ला, न्याय संहितेबरोबर. शंभर वर्षं!

दरम्यान राणीच्या बागेपासून फार लांब नसलेल्या मदनपुऱ्यात जरीचे कारखाने होते. २००५ मध्ये मुंबईत अशा कारखान्यांवर मोठे छापे पडले आणि बिहारहून आणलेली पोरं सुटली, बहुतेक मुलगेच. तोवर सगळ्यांच्या लेखी ती 'काम शिकणारी' पोरं होती.

आता हे ऐकणाऱ्या माझ्या आयटीवाल्यांनो, तुमच्यासाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढली होती: थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारला नेलं जातंय. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा २०२३ चा अंदाज: एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार लोक असे अडकलेत. बहुतेक पुरुष, आणि बरेच शिकलेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ भारतीय परत आणले. त्यांच्यासाठीही शब्द तयारच होता: स्कॅमर.