शाईची कुळकथा

माळव्यातील देवासेस आणि धारेस अठराव्या शतकात पवारांची घराणी स्थिरावली. देवासेस तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावी नांदली. फौजेच्या पाठोपाठ कारकून आला, आणि त्याच्यासोबत बोरू, दौत व मोडी लिपी माळव्यात आली.

त्या दौतीतला पदार्थ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. तेलाच्या दिव्यावर मातीचे खापर पालथे धरीत. ज्योतीला हवा अपुरी पडली की तेलातील कार्बन पुरता न जळता खापराच्या पोटाला मऊ काजळीच्या रूपाने चिकटे. ही काजळी पाण्यात सहजी मिसळत नाही, म्हणून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती तासन्‌तास घोटीत. डिंक तिच्या कणाकणाला वेढून त्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो, आणि पुढे तोच त्यांना कागदाशी जखडून टाकतो. प्रथम आडवी शिरोरेघ ओढून तिच्याखाली कारकून झरझर लिहीत जाई, आणि जेथे बोरू पुन्हा दौतीत बुडाला तेथे अक्षर एकाएकी दाट झालेले दिसते.

संस्कृतात या शाईला मषी म्हणत. शाई हा शब्द फारसी ‘सियाही’चा, म्हणजे काळेपणाचा, वंशज, तेव्हा तांबडी शाई म्हणणे व्युत्पत्तीने विसंगतच, पण जमाखर्चाच्या व्यवहारात भाषा मूळ अर्थ केव्हाच विसरली.

स्मिथसन टेनन्ट या इंग्रज रसायनज्ञाने 1797 साली हिरा जाळून दाखविले की, तितक्याच वजनाच्या कोळशातून जितका वायू निघतो तितकाच हिऱ्यातूनही निघतो. म्हणजे शिरपेचातला हिरा आणि सनदेवरची काजळी ही एकाच मूलद्रव्याची रूपे. मला मात्र या दोहोंत काजळीच थोर वाटते. हिराकस आणि मायफळ यांच्या युरोपीय शाईतील आम्ल कागद खाते. काजळीचा कार्बन कागदाला बाधत नाही, आणि उजेडाने फिका पडत नाही. ओल तेवढी तिची वैरी, कारण डिंक पाण्यात विरघळतो. म्हणूनच गळक्या छपराखालच्या दफ्तराच्या रुमालांची काळजी वाटते, कारण तेथे वतनांचा आणि इनामांचा मजकूर एका पावसाळ्यात पुसट होऊ शकतो.

त्याच देवासेस आज सरकारी बँक नोट मुद्रणालय आहे, आणि त्याच्या आवारात नोटांसाठी लागणारी शाई करण्याचा कारखाना आहे. तेथील हिरव्या, निळ्या, जांभळ्या रंगांनाही मराठी माणूस शाईच म्हणतो.